आजारपणानंतर चित्र काढायला बसताना

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारं कुणी ना कुणी सांगतंच, "आता मन रमवा, एखादा छंद लावून घ्या." सांगणं मनापासूनचं असतं. पण हात थरथरत असताना, बोटांच्या टोकांना मुंग्या येत असताना, दहा मिनिटं ताठ बसवत नसताना तो छंद लावून घ्यायचा कसा, हे कुणी सांगत नाही. चित्रकलेची पुस्तकंही धडधाकट माणूस समोर धरून लिहिलेली असतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

केमोथेरपी, मोठं ऑपरेशन, अर्धांगवायूचा झटका, हृदयाचं किंवा फुप्फुसाचं लांबलेलं दुखणं यांतून सावरताना ज्यांना पहिल्यांदाच पेन्सिल हातात घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे. मी चित्रकला कुठे शिकलेली नाही, शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेलाही बसले नव्हते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना चित्रं काढायला लागले. शस्त्रक्रिया उजव्या बाजूला झाली आणि मी चित्रही उजव्याच हाताने काढते, त्यामुळे पुढचं बरंचसं शरीराशी जुळवून घेत शिकले आहे. माझं सांगणं एवढंच, की आधी शरीराला काय झेपतं ते बघा, त्यावरून साहित्य निवडा, आणि चित्र कसं दिसेल हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा.

चित्राकडून काय मिळतं

चित्र काढून गाठ विरघळत नाही. औषधं, तपासण्या, फिजिओथेरपीचे व्यायाम यांतलं काहीही चित्रापायी मागे पडता कामा नये. चित्रातून मिळतं ते वेगळं आहे. आजारपणात सुई कधी टोचायची, जेवण कधी यायचं, रिपोर्ट कधी कळायचा, हे सगळं दुसरे ठरवतात. कागदावरची रेघ कुठे वळवायची आणि कुठे थांबवायची, हे मात्र तुम्ही ठरवता. एरवी किरकोळ वाटणारी ही गोष्ट त्या दिवसांत फार मोठी असते.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते चित्र, कोलाज किंवा मातीकाम करायला दिलं आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. साधारण तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं, आणि आधी कला येत होती की नव्हती याने फरक पडला नाही. हे लोक निरोगी होते, त्यामुळे रुग्णांबद्दल यावरून मोठे दावे करू नयेत. पण 'मला चित्र येत नाही' म्हणून बाजूला बसायचं कारण नाही, एवढं यातून नक्की घेता येतं.

'आर्ट थेरपी' हा शब्दच आजारपणातून आला. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगामुळे मिडहर्स्टच्या सॅनटोरियममध्ये होते. अंथरुणात पडल्यापडल्या ते समोरच्या वस्तू काढत राहिले, पुढे इतर रुग्णांनाही शिकवू लागले, आणि १९४२ मध्ये त्यांनी या कामाला हे नाव दिलं. आज मात्र आर्ट थेरपी म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर केलेलं काम. आपण घरी करणार आहोत ते आपल्यापुरतं चित्र काढणं. दोन्हींची गल्लत करू नका.

आधी डॉक्टरांशी बोला

पुढच्या फेरीला जाल तेव्हा सरळ विचारा, "मी चित्र काढायला सुरुवात करतोय, माझ्या बाबतीत काय टाळू?" प्रश्न विचित्र वाटेल म्हणून संकोच करू नका. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील, तर ओली माती, शाडू यांचं काम लांबणीवर टाका. समोर फुलदाणी ठेवून फुलं काढायची हौस असेल तर तीही थांबवा, कारण फुलदाणीच्या शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. ब्रश धुवायचं पाणीही रोज बदला. प्लेटलेट कमी असतील तर कटर आणि टोकदार कात्री बाजूला ठेवा.

काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. याला लिम्फिडीमा म्हणतात. हात अधांतरी धरून रंगवत बसू नका, कोपराखाली उशी घ्या, आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून मूठ उघडझाप करा. बांगडी किंवा अंगठी घट्ट वाटायला लागली, हात जड झाला, तर त्या दिवशीचं काम तिथेच संपलं, आणि फिजिओथेरपिस्टला कळवायचं. चित्र अर्धवट राहिलं तरी चालतं, हे मला या हातानेच शिकवलं.

बायपाससारखं ऑपरेशन झालं असेल तर छातीचं हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर उभ्या फळीवर हात वर करून काम नको. फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी खडूसारखे कोरडे पेस्टल, कोळशाच्या कांड्या आणि चित्रावर मारायचा फिक्सेटिव्ह स्प्रे, सगळंच टाळावं. तैलरंग पातळ करायला लागणाऱ्या टर्पेंटाइनचा वास मळमळणाऱ्या पोटाला अजिबात सहन होत नाही, म्हणून तैलरंग सध्या नकोत.

आणि एक सवय सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून मोडायची: ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायचा नाही. काही रंगांमध्ये कॅडमियम, कोबाल्ट यांसारखे धातू असतात.

जागा आणि वेळ

टेबलाशी बसवत नसेल तर पलंगावर बसा. पाठीला लोड, गुडघ्यांखाली उशी, मांडीवर परीक्षेला नेतात तो क्लिपचा पॅड. त्याच्याखाली घडी केलेली चादर घालून तो आपल्याकडे थोडा कलता करा, म्हणजे मान वाकत नाही. पलंगावर ठेवायचं घडीचं लॅपटॉप टेबल असेल तर उत्तमच. उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडते.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोची गोष्ट इथे आठवावीच लागते. १७ सप्टेंबर १९२५ ला मेक्सिको शहरात तिच्या बसला ट्रामने धडक दिली. कणा, ओटीपोटाची हाडं, पाय, सगळीकडे मोडतोड झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. अंथरुणाला खिळल्यावर आईने तिच्यासाठी झोपून काम करता येईल असा चित्रफलक बनवून घेतला, वडिलांची रंगपेटी तिला मिळाली, आणि पलंगाच्या वरच्या चौकटीला आरसा लावला गेला. कुठल्याही कला महाविद्यालयात न गेलेली ही मुलगी त्या आरशात बघून स्वतःला काढू लागली. तिच्या कलेबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला महत्त्वाचा वाटतो तो आईने बनवून घेतलेला फलक. आधी आजारी माणसाला बसेल अशी सोय झाली, चित्रं नंतर आली.

आरशात बघून स्वतःला काढायची घाई मात्र करू नका. केस गेलेले असताना, चेहरा सुजलेला असताना ते जड जाऊ शकतं. इच्छा झाली तर काढा, नाही झाली तर घरात काढण्याजोग्या हजार वस्तू आहेत.

वेळेचं म्हणाल तर दिवसातला तुमचा बरा तास शोधा. कुणाला सकाळी हुशारी असते, कुणाला दुपारच्या झोपेनंतर. त्यातली पंधरा मिनिटं चित्राला द्या आणि दमायच्या आधी उठा. आज बरं वाटतंय म्हणून दोन तास बसलात, तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. केमोनंतरच्या थकव्याची ही चाल ज्याने अनुभवली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

सामान थोडंच आणा

एक एचबी आणि एक ४बी पेन्सिल, १२० ते १५० जीएसएमची (कागद किती जाड याचं माप) ए५ आकाराची स्केचबुक, बारा रंगांची जलरंगाची वड्यांची पेटी, सहा किंवा आठ नंबरचा एक गोल ब्रश, कागद चिकटवायला मास्किंग टेप. रंगासाठी थोडे जाड, २०० जीएसएमच्या पुढचे कागद वेगळे घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद एकदा हात लावून बघा. त्याच्या खरबरीत अंगावर रंग फार सुंदर बसतो. पण सुरुवातीला भारी कागद समोर असला की हात आखडतो, म्हणून सरावासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून ठेवा. त्या जाड असतात, आणि वाया गेल्या तरी जीव हळहळत नाही.

खोडरबर पहिले काही आठवडे आणूच नका. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढा.

बोटांना बधिरपणा असेल तर बारीक पेन्सिल निसटते. एसीच्या पाइपवर चढवतात तसली काळी फोमची नळी बोटभर कापून पेन्सिलीवर, ब्रशवर चढवा. पकड जाड झाली की बोटांना कमी आवळावं लागतं.

पहिला आठवडा नुसत्या रेघांचा

कागद चारही कोपऱ्यांना टेपने चिकटवा. आडव्या रेघा ओढा, सावकाश, श्वास सोडत. मग उभ्या, मग गोल. रेघ थरथरली तर थरथरू द्या. करंगळी कागदावर टेकवून ठेवली की थरथर थोडी आटोक्यात येते. लांब रेघ मनगटातून ओढू नका, कोपर किंवा खांद्यातून येऊ द्या.

ज्यांना सरळ रेघही नकोशी वाटते त्यांनी ठिपक्यांच्या रांगोळीपासून सुरुवात करावी. पाच ठिपके, पाच ओळी, बोटभर अंतर, आणि मग जोडत जायचं. ठिपका हे जवळचं ठिकाण असतं, हात तिथवर पोहोचतो, पुन्हा पुढचं ठिकाण दिसतं. ज्या बायकांनी आयुष्यभर दारात रांगोळी घातली आहे त्यांच्या हातात हे आधीपासून आहे, फक्त त्याला चित्र म्हणायची सवय नसते.

वारली पद्धतही इथे फार उपयोगी. त्रिकोण, वर्तुळ आणि काड्यांसारख्या रेघा, एवढ्यातून अख्खं गाव उभं राहतं. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, हेच मूळचे रंग. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते कित्येक वर्षं बोलत नव्हते आणि मातीत चित्रं काढून मनातलं सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

अर्धांगवायूनंतर काही जणांचं डावीकडच्या अर्ध्या कागदाकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, मेंदू ती बाजू सोडून देतो. घरच्यांनी ओरडू नये. कागदाच्या डाव्या कडेला लाल रंगाची जाड पट्टी चिकटवावी आणि प्रत्येक रेघ त्या पट्टीपासून सुरू करायला सांगावी. ऑक्युपेशनल थेरपिस्टही अशा खुणा वापरतात. अधू हाताला रिकामा ठेवू नका, त्याला कागद दाबून धरायचं काम द्या. थेरपिस्टने सांगितलं असेल तर ब्रशही त्याच्या हाती देऊन बघा.

एक वस्तू, रोज

आता समोर एक वस्तू ठेवा. माझी पहिली वस्तू होती गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. ती काढायला घेतली तेव्हा कळलं की तिच्यात किती बघण्यासारखं आहे. फोडलेल्या फॉइलच्या कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर वळलेल्या, प्रत्येक खळगा वेगळ्या तऱ्हेने दबलेला, एका खळग्यात खिडकीचे गज वाकडे होऊन उतरलेले, दुसऱ्यात चिमटीभर पांढरी भुकटी. जी वस्तू बघितली तरी उबग यायचा, तिच्याकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं, आणि तो उबग त्या पंधरा मिनिटांपुरता कुठेतरी गेला.

पद्धत अशी: नजर वस्तूवर, कागदाकडे बघायचं नाही. वस्तूच्या कडेवरून डोळा मुंगीच्या वेगाने सरकवा आणि पेन्सिल न उचलता हात त्याच वेगाने चालवा. चित्र वेडंवाकडं येणार, यायलाच हवं. या सरावाने हाताआधी डोळा तयार होतो. काही दिवसांनी कागदाकडे अधूनमधून बघायची मुभा घ्या. मग सावली. उजेड कुठून येतोय ते ठरवा, सगळ्यात गडद जागा आधी ४बी ने भरा, बाकीचं तिच्या मानाने फिकं ठेवा. चहाचा कप, अडकित्ता, लसणाचा गड्डा, बटव्याची चेन, चपला. हातातल्या सलाइनच्या सुईवरची पट्टीसुद्धा.

प्रत्येक चित्रामागे तारीख घाला. त्या दिवशी ताप होता का, झोप लागली का, एका शब्दात लिहा.

पाण्याला काम करू द्या

जलरंग अवघड, असं सगळे म्हणतात. हुबेहूब चित्र काढायचं असेल तर ते अवघडच आहेत. पण अशक्त हाताला याहून सोयीचं माध्यम नाही, कारण जोर लावावाच लागत नाही. सुरुवातीला तीनच रंग घ्या: एक निळा, एक पिवळा, एक लाल. कागद टेपने चिकटवून स्वच्छ पाण्याने ओला करा, निळ्याने भरलेला ब्रश वर टेकवा आणि हात काढून घ्या. रंग आपला आपण पसरतो. पॅड कलता केला की खाली ओघळतो. शेजारी लाल सोडला की मध्ये जांभळी कड तयार होते. मग कागद वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हा वाळण्याचा वेळ म्हणजे तुमची विश्रांती, खुशाल आडवे व्हा. वाळल्यावर त्या डागांत डोंगर दिसला तर पेन्सिलीने डोंगर करा, काही नाही दिसलं तर तसंच ठेवा.

ब्रश धरवत नसेल तर कात्री

फ्रेंच चित्रकार आन्री मातिसच्या पोटाचं मोठं ऑपरेशन १९४१ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात झालं, कर्करोगासाठी. सत्तरी उलटलेली होती. त्यानंतर त्याचा बराचसा काळ अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत गेला. फलकासमोर उभं राहणं कठीण झालं, तसा तो कागद कापून चित्रं करण्याकडे वळला. मदतनीस कागदांवर गडद रंग देऊन ठेवायचे, तो थेट कात्रीने पानं, फुलं, शेवाळाचे आकार कापायचा, आणि ते भिंतीवर त्याच्या मनासारखे बसेपर्यंत हलवले जायचे. १९४७ मध्ये आलेला त्याचा 'जॅझ' हा चित्रसंच याच पद्धतीतून झाला. आपल्याकडे शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण अंध झाले, आणि त्यांनीही कागद कापून, चिकटवून काम चालू ठेवलं. दोघेही मुरलेले चित्रकार होते, पण ही पद्धत नवख्याला तितकीच जमते.

घरातल्या कुणाला तरी साध्या कागदांवर पोस्टर कलर फासून द्यायला सांगा. पतंगाचा कागदही चालेल. आकार आखून घेऊ नका, थेट कापा. कागद कात्रीत फिरवा, कात्री स्थिर ठेवा. दाबून सोडली की आपोआप उघडणारी कात्री मिळते, ती अंगठ्याला सोपी जाते. कात्री नकोच असेल तर कागद हाताने फाडा, फाटलेली पांढरी कड छान दिसते. आकार मोठ्या कागदावर मांडा, एक दिवस तसेच राहू द्या, दुसऱ्या दिवशी हलवा, आणि मगच खळीने चिकटवा.

मन भरून आलं तर

चित्र काढताना रडू येऊ शकतं. ज्या गोष्टी महिनोन्‌महिने दाबून ठेवल्या त्या अचानक कागदावर येतात. रडून घ्या, ब्रश धुऊन ठेवा, कुणाशी तरी बोला. त्या दिवशी पुन्हा तोच विषय काढू नका, ठिपके जोडा. पण झोप उडाली, कशातच राम वाटेना, जगणं नकोसं व्हायला लागलं, तर ते एकट्याने चित्रावर सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. आपल्या डॉक्टरांकडून समुपदेशकाचं नावही घ्या.

घरच्यांना दोन शब्द. प्रत्येक चित्राला "वा, काय सुंदर" म्हणू नका, आजारी माणसाला खोटं कौतुक लगेच कळतं. "हे इथे काय आहे?" असं विचारा आणि ऐका. आणि "आई, पडून राहा ना जरा" असं म्हणत पॅड काढून घेऊ नका. जमलं तर शेजारी बसून तुम्हीही एक कागद घ्या. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्यालाही त्या पंधरा मिनिटांची गरज असते.

पुढे

हात बसला की इतरांची कामं बघायला जा. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत असतो. वय झालं म्हणून कचरत असाल तर अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसचं बघा. संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना, तेव्हा पंच्याहत्तरीनंतर त्या आठवणीतल्या शेतांची, बर्फाची, लग्नांची चित्रं काढण्यात रमल्या, कुणाकडे न शिकता. १९४० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं तेव्हा त्यांना नुकतंच ऐंशीवं वर्ष पूर्ण झालं होतं.

फेरतपासणीच्या दिवसांसाठी एक वेगळी पिशवी करून ठेवा: पोस्टकार्डाएवढे कागद, एक पुठ्ठा, एक बॉलपेन. स्कॅनच्या आधीचा वेळ सगळ्यात वाईट जातो, आणि वेटिंग रूममध्ये काढायला भरपूर असतं. समोरच्या रांगेतल्या चपला काढा, फायलींनी फुगलेल्या पिशव्या काढा, पाण्याचा कूलर काढा. शेजारच्या रुग्णाचा चेहरा काढावासा वाटला तर आधी विचारा, आणि हो म्हटलं तर झालेलं चित्र त्यांनाच देऊन टाका.